डोंगरचा खासदार आणि बारा मैलांची रेषा

पालघर लोकसभा मतदारसंघाच्या नकाशात आमची सातपाटी अगदी पश्चिमेच्या काठावर दिसते. गावाचं तोंड समुद्राकडे, बाजार पालघरकडे आणि मत पार पूर्वेला, डोंगराकडे. आधी डहाणू आणि २००९ पासून पालघर या नावाने ओळखली जाणारी ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सातपाटीत प्रामुख्याने मांगेला आणि वैती समाजाची वस्ती. राज्याच्या यादीत हे दोन्ही समाज विशेष मागास प्रवर्गात येतात, जमातींच्या यादीत नाही. म्हणजे पापलेटच्या धंद्यात चार पिढ्या घातलेल्या घरातला माणूस या जागेवर मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही.

यावरून गावात एक जुनी कुरकूर आहे : तिकडे आपला माणूस कुणी नाही. लहानपणापासून मी ती नाक्यावर, सोसायटीच्या ओट्यावर, निवडणुकीच्या आदल्या रात्री ऐकत आलो आहे. या कुरकुरीत तथ्य किती, हे तपासायचं तर एखाद्या लोकप्रतिनिधीची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहावी असं मला वाटलं. त्यासाठी मी चिंतामण वनगा यांना निवडलं, कारण ते दोन्ही सभागृहांत बसले. तीन वेळा लोकसभेत, एकदा विधानसभेत. आणि ते जेव्हा जिथे होते, तेव्हा आमच्या आणि डोंगरातल्या लोकांच्या आयुष्याचे निर्णय बऱ्याचदा दुसरीकडेच होत होते.

जागेची वंशावळ

वनगांच्या आधी या जागेवर कोण होतं ते पाहिलं तर जिल्ह्याचा निम्मा इतिहास समोर येतो. १९६७ मध्ये डहाणूतून निवडून आले यशवंतराव मुकणे, म्हणजे जव्हारचे राजे. जव्हार हे महादेव कोळी संस्थान, त्यामुळे राजेसाहेब राखीव जागेवर उभे राहू शकले. १९७१ मध्ये काँग्रेसचे लक्ष्मण दुमाडा आले. १९७७ च्या लाटेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम दिल्लीला गेले. १९८० पासून सलग चार निवडणुका काँग्रेसच्या दामोदर शिंगडा यांनी जिंकल्या. राजा, मग काँग्रेस, मग लाल बावटा, मग पुन्हा काँग्रेस.

त्याही आधी, १९५७ मध्ये, ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेत गेले होते. शामरावांची कारकीर्दही दोन सभागृहांची. १९३७ मध्ये ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात निवडून आले होते. पुढे ते आणि गोदावरी परुळेकर उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत गेले, वेठबिगारीविरुद्ध वारली उभे राहिले, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले.

पाच हा आकडा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना चांगला ओळखीचा आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला, त्यातही पाच जण गेले. त्यातले काशिनाथ हरी पागधरे आमच्या सातपाटीचे. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभाजवळ लोक जमतात. तलवाड्याच्या पाच जणांची आठवण मात्र वेगळ्या दिवशी, वेगळ्या झेंड्याखाली, वेगळ्या गावात निघते. आजच्या एकाच जिल्ह्यात, तीन वर्षांच्या अंतराने, सरकारी गोळीने पाच-पाच माणसं गेली. पण त्या दोन आठवणींची गाठ पडल्याचं मी पाहिलेलं नाही. कुरकुरीचं मूळ कदाचित इथेच कुठेतरी असावं.

तलासरीतल्या दोन शाळा

चिंतामण वनगा यांचा जन्म १ जून १९५० चा, तलासरी तालुक्यातल्या कवाड्याचा. हे गाव गुजरातच्या हद्दीपासून फार लांब नाही. तलासरी म्हणजे किसान सभेचा बालेकिल्ला. पंचायत समितीपासून सोसायट्यांपर्यंत लाल बावट्याची पकड, आणि शाळा-महाविद्यालयही त्याच चळवळीने उभं केलेलं. त्याच तलासरीत संघाच्या प्रेरणेने वनवासी कल्याणाचं केंद्र आणि वसतिगृह सुरू झालं. आदिवासी मुलगा शिकला पाहिजे यावर दोघांचं एकमत. शिकून त्याने जगाकडे कसं पाहावं यावर मात्र दोन टोकं.

वनगा या दुसऱ्या प्रवाहातून आले. ते कायदा शिकले, वकील झाले आणि भाजपचं काम करू लागले. त्या काळी तलासरीत भाजपचं काम म्हणजे काय असेल याची कल्पना करून पाहा. गावात पिढ्यान्‌पिढ्या एकच झेंडा, आणि त्याने खरोखरच जमीनदाराच्या वेठीतून माणसं सोडवलेली. तिथे घराघरात जाऊन दुसरी गोष्ट सांगायची. विरोधकही वनगांबद्दल बोलताना त्यांच्या साधेपणाचा उल्लेख करत. मला वाटतं, हा साधेपणा ज्या त्या पक्षापेक्षा तलासरीच्या मातीचा गुण असावा, कारण लहानू कोम यांच्याबद्दलही तीच गोष्ट सांगितली जाते.

१९९६ मध्ये वनगा निवडून आले आणि डहाणूची जागा पहिल्यांदाच भाजपकडे गेली.

अठरा महिने, मग पाच वर्षं

ती अकरावी लोकसभा जेमतेम दीड वर्ष टिकली. पण आमच्या पट्ट्यापुरतं बोलायचं तर त्या दीड वर्षात जितकं ठरलं तितकं एरवी दहा वर्षांत ठरत नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये पेसा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज आणि परंपरा यांबाबत अधिकार देणारा हा कायदा केंद्राचा. पण पंचायत हा विषय राज्याचा. तेव्हा तो अंमलात यायचा तर राज्याने नियम करायला हवेत. महाराष्ट्राचे पेसा नियम आले २०१४ च्या मार्चमध्ये. मधे सतरा वर्षं गेली.

त्याच डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला आजवर मिळालेल्या संरक्षणांत हे सर्वांत मोठं होतं, आणि ते आमदाराने मिळवून दिलं नव्हतं, खासदारानेही नाही. ते न्यायालयाच्या दारातून आलं.

तिसरी गोष्ट समुद्राची. परदेशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध नोव्हेंबर १९९४ मध्ये देशभरच्या मच्छीमारांनी बंद पुकारला होता. त्या राष्ट्रीय चळवळीत आमच्या सातपाटीचे रामभाऊ पाटील पुढच्या फळीत होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुरारी समितीचा अहवाल आला आणि ते परवाने रद्द करण्याची शिफारस झाली; १९९७ मध्ये सरकारने अहवाल स्वीकारला. म्हणजे दिल्लीत आमचा प्रश्न पोहोचला. तो पोहोचवला संघटनेने, सातपाटीसारख्या गावांतल्या माणसांनी.

१९९८ मध्ये काँग्रेसच्या शंकर नम यांनी वनगांचा पराभव केला. १९९९ मध्ये वनगा परत आले, आणि या वेळी सत्ताधारी पक्षाचे खासदार म्हणून पूर्ण मुदत बसले. याच मुदतीत, ३ मे २००२ रोजी, केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक काढलं : वनजमिनीवरची अतिक्रमणं हटवा. कागदावर 'अतिक्रमण' हा एक शब्द. डोंगरात त्याचा अर्थ आजोबांपासून कसत आलेला वरकस जमिनीचा तुकडा, नागली-वरईचं पीक आणि कुडाचं घर. देशभर आदिवासी भागांत उठलेल्या संतापातून पुढे वनहक्क कायद्याची मागणी जोर धरत गेली.

वनगांच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड काळ माझ्या मते हाच. ज्यांच्या मतांवर तुम्ही दिल्लीत बसलात त्यांच्या जमिनीवर तुमच्याच सरकारचं परिपत्रक येतं. २००४ मध्ये दामोदर शिंगडा पुन्हा जिंकले. त्या एका परिपत्रकामुळेच वनगा हरले असं म्हणण्याइतका सोपा कुठलाच निकाल नसतो. पण २००६ मध्ये जेव्हा वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा आयुष्यभर आदिवासींमध्ये काम केलेला हा वकील त्या सभागृहात नव्हता.

खासदाराचा आमदार

२००८ च्या पुनर्रचनेने सगळी गणितं बदलली. डहाणूची जागा जाऊन पालघर मतदारसंघ आला. त्यात सहा विधानसभा : डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई. पहिल्या चार राखीव, शेवटच्या दोन खुल्या. लोकसभेची जागा राखीवच राहिली, पण आता निकालाच्या किल्ल्या विरार-नालासोपाऱ्याच्या चाळींत आणि इमारतींतही होत्या. तलासरीच्या उमेदवाराला नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभं राहून लोकलच्या गर्दीबद्दल बोलणं भाग पडलं.

२००९ च्या लोकसभेत वनगा साधारण बारा हजार मतांनी हरले. जिंकले बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव. ही आघाडी वसई-विरारची, तेव्हा नव्या नकाशाचा पहिला लाभ तिला झाला यात नवल नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात वनगा विक्रमगडमधून विधानसभेला उभे राहिले आणि निवडून आले. १९४५ साली गोळीबार झालेला तलवाडा याच विक्रमगड तालुक्यातला.

खासदार होता, आता आमदार झाला, म्हणजे खाली आला, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. संविधानाच्या सातव्या परिशिष्टातल्या याद्या काढून पाहिल्या तर हे बोलणं टिकत नाही. जमीन राज्याची. पाणी राज्याचं. पंचायत राज्याची. आदिवासी आश्रमशाळा राज्य चालवतं. विक्रमगडच्या माणसाला रोज लागणाऱ्या बहुतेक गोष्टी मुंबईत ठरतात. आणि आमच्यासाठी तर ही वाटणी चक्क समुद्रावर आखलेली आहे. मासेमारी हा राज्याचा विषय. प्रादेशिक सागराच्या पलीकडची मासेमारी केंद्राचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, राज्याचे. त्यापुढे दिल्ली.

पापलेटला ही रेषा ठाऊक नाही. आमच्या बोटी तिच्या मागे या रेषेच्या बऱ्याच पलीकडे जातात. म्हणजे एकाच फेरीत आमचा तांडेल सकाळी आमदाराच्या पाण्यात असतो आणि रात्री खासदाराच्या. पावसाळ्यातली बंदी अलीकडच्या पाण्यात राज्याची, पलीकडे केंद्राची. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं ते राज्याने. पण पापलेटची पिल्लं जाळ्यात येऊ नयेत म्हणून करायची व्यवस्था रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच हवी.

डिझेलचीही तीच कथा. मच्छीमार सोसायटीच्या पंपावरून बोटीला डिझेल मिळतं, त्यावरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा राज्य देतं, आणि तो नेहमी थकतो. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर वेगळा केला, तेव्हा मच्छीमार सोसायट्या एका रात्रीत 'घाऊक ग्राहक' ठरल्या. पाच-सहा खलाश्यांची बोट चालवणारा माणूस कारखान्याच्या रांगेत बसला. या प्रश्नावर आमदाराकडे गेलं की तो म्हणणार केंद्राचा विषय, खासदाराकडे गेलं की तो म्हणणार परतावा राज्याचा. दोघंही खरं बोलत असतात.

दोन्ही सभागृहांत बसलेला माणूस इथे उपयोगी पडायला हवा. कुठलं दार कुठे उघडतं हे त्याला माहीत असतं. पण वनगा जेव्हा आमदार होते तेव्हा ते विक्रमगडचे होते. आमची पालघरची विधानसभा वेगळी, तिथे त्या पाच वर्षांत काँग्रेसचे राजेंद्र गावित होते. आम्हाला वनगा मिळाले ते फक्त दिल्लीचे.

जिल्हा आणि मृत्यू

२०१४ च्या लोकसभेत वनगांनी जाधवांना २,३९,५२० मतांनी हरवलं. मोदी लाट होती हे खरंच. त्यानंतर अडीच महिन्यांत, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्यापर्यंत जावं लागत होतं, ते थांबलं. जिल्ह्याची मागणी वर्षानुवर्षांची होती. मुख्यालय जव्हारला की पालघरला यावरचा वादही तितकाच जुना. डोंगराला जव्हार हवं होतं, मिळालं पालघरला. हा निर्णय राज्याचा होता, आणि तो घेतला तेव्हाच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने. वनगांच्या कारकिर्दीत त्यांच्या लोकांच्या आयुष्यात झालेला हा बहुधा सर्वांत ठळक बदल, आणि तो झाला विरोधी पक्षाच्या सहीने.

३० जानेवारी २०१८ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशन नुकतंच सुरू झालं असताना, वनगांचं दिल्लीत निधन झालं. वय ६७.

पुढचं आपण सगळ्यांनी वाहिन्यांवर पाहिलं. वनगांचं कुटुंब शिवसेनेत गेलं, मुलगा श्रीनिवास यांना शिवसेनेची उमेदवारी मिळाली. भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उभं केलं. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री प्रचाराला आले. राज्यात आणि केंद्रात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष एका दिवंगत खासदाराच्या वारशासाठी झुंजले. २८ मे २०१८ च्या मतदानात गावितांना २,७२,७८२ मतं मिळाली, श्रीनिवास यांना २,४३,२१०. २०१९ मध्ये युतीत जागा शिवसेनेला सुटली आणि गावित शिवसेनेतून पुन्हा खासदार झाले. श्रीनिवास पालघरचे, म्हणजे आमचे, आमदार झाले. २०२४ मध्ये श्रीनिवास यांची उमेदवारी कापली गेली आणि ती मिळाली गावितांनाच. आज तेच आमचे आमदार आहेत. खासदार आहेत भाजपचे हेमंत सवरा, माजी आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा यांचे पुत्र.

पोटनिवडणुकीच्या त्या महिन्यात वनगांचा फोटो प्रत्येक नाक्यावर होता. त्यांनी सभागृहात काय केलं, काय करायचं राहून गेलं, पेसाचे नियम इतके का रखडले, वनहक्काचे दावे कुठे अडले, यावर मी एकही भाषण ऐकलं नाही. बावीस वर्षांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायची ती वेळ होती. तिचं रूपांतर, फोटो कुणाच्या व्यासपीठावर शोभतो, एवढ्याच प्रश्नात झालं.

कुरकुरीचं काय

आता आमच्या कुरकुरीकडे येतो. राखीव जागा हटली पाहिजे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. या जिल्ह्यात ज्या माणसांना १९४५ पर्यंत वेठीला धरलं जात होतं, त्यांच्यातला एक जण दिल्लीत बसतो हे मला योग्य वाटतं. वनगांची कारकीर्द वाचल्यावर तर कुरकुरीचा रोखच चुकीचा वाटू लागतो. आपला माणूस तिकडे असूनही डोंगराला २००२ चं परिपत्रक चुकलं नाही. आपला माणूस नसूनही किनाऱ्याला १९९७ मध्ये मुरारी समितीचा निकाल मिळाला. कोण बसला आहे यापेक्षा, बसलेल्याच्या पाठीमागे कोण उभं आहे याने जास्त फरक पडलेला दिसतो.

आणि डोंगर-किनारा ही फारकत तरी कितपत खरी? आमच्या किनारपट्टीच्या नळांना येणारं पाणी सूर्या नदीचं. त्या नदीवरचं धामणी धरण विक्रमगड तालुक्यातलं. ज्यांच्या शेतीसाठी धरण बांधलं त्यांच्या वाट्याचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे चाललं म्हणून आदिवासी आणि शेतकरी आंदोलनं करत आले आहेत. तिकडे पाण्याचं जे झालं तेच इथे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्यांचं झालं. त्यासाठी २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. दोन्ही ठिकाणी शहराची आणि कारखान्याची गरज आधी, गावाची नंतर.

वाढवणचं बंदर तर दोन्ही याद्यांचं अपत्य आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला भूमिपूजन झालं. कंपनीत ७४ टक्के हिस्सा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राचा. २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा, म्हणजे राज्याचा. १९९८ मध्ये नकार देणाऱ्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये होकार दिला. किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या जागा जातील, आणि भरावासाठी लागणारा दगड-मुरूम येणार तो डोंगरातून. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन जाताना आमच्या तांडेलाला आणि तिकडच्या शेतकऱ्याला एकच जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागेल, जे २०१४ च्या त्या विभाजनाने पालघरला आलं.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार सातपाटीला येतील, नेहमीप्रमाणे खाडीतला गाळ काढण्याचं आणि नव्या जेटीचं आश्वासन देतील. ते ऐकून घ्यावं. मग विचारावं : यातलं कुठलं काम तुमच्या सभागृहाचं, आणि जे तुमचं नाही त्यासाठी दुसऱ्या सभागृहातल्या कुणाशी तुम्ही बोलणार? आणि धामणीच्या पाण्यासाठी बसलेल्या लोकांनी त्याच आठवड्यात हाच प्रश्न विचारला, तर तिथे आमच्यातले किती जण त्यांच्याबरोबर असतील, हेही सोसायटीच्या ओट्यावर आधी बोलून घ्यायला हवं.